तास संपला तरी सात नावं तशीच: ऑनलाइन वर्गात मुलं नेमकी कशामुळे टिकतात?

बालाघाट | २१ नोव्हेंबर, रात्री १०:५०

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर सांख्यिकी शिकवते. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, पटावर ५४ मुलं. दिवाळीपर्यंत आमचा तास फळ्यावर चालतो. दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा या बाजूचं कोणी इथे असेल तर त्यांना वेगळं सांगायला नको. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, टोळ्या ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परततात. माझ्या वर्गातली एकोणीस मुलं या वर्षी आई-बापांबरोबर गेली आहेत. कोणी ऊस तोडतं, कोणी मोळ्या बांधतं, दोघी जणी कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, राहून धाकट्यांना सांभाळतात आणि सगळ्यांच्या भाकरी करतात. आणखी काही जण पुण्याकडे कंपनीत लागलेत. म्हणून एक पेपर रात्री आठ ते नऊ ऑनलाइन घ्यायचं आम्ही ठरवलं. नाहीतर ही मुलं थेट परीक्षेलाच उगवतात, किंवा तेव्हाही येत नाहीत.

पहिल्या रात्री ४१ जण होते. मला इतका आनंद झाला की मी ठरलेल्या वेळेच्या पुढे वीस मिनिटं शिकवत बसले. दुसऱ्या आठवड्यात २०. आज ११.

आज प्रमाण विचलन होतं, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप. मी स्लाइड पुढे सरकवत होते, मधूनमधून 'कळलं का?' विचारत होते, दोन अंगठे येत होते. नऊ वाजता म्हटलं, चला, थांबूया. चार जण बाहेर पडले. सात नावं तशीच राहिली. मला वाटलं, काही विचारायचं असेल. एकेकाचं नाव घेऊन हाक मारली. कोणीच बोलेना. मग लक्षात आलं की तिथे कोणी नाहीच. फोन कुठेतरी चार्जिंगला लावलेला, गूगल मीट चालू, आणि मूल दुसरीकडे कामात. कोण जाणे किती वेळ मी रिकाम्या फोनांना सरासरीपासूनचे फरक समजावत होते.

हजेरीला पाच गुण ठेवून पाहिले, आकडा २६ वर गेला, पण ती नुसती नावांची हजेरी होती. रंगीत पीपीटी केली, क्विझ घेतली, त्यात पहिले तीनच जण दर वेळी तेच.

ही मुलं आळशी नाहीत. जुलैत हीच मुलं पहिल्या बाकावर जागा धरायला धावत होती. म्हणून कळकळीने विचारते. मला ॲपची नावं नकोत. तुमच्या ऑनलाइन वर्गात एखादं मूल शेवटपर्यंत टिकलं असेल तर ते कशामुळे टिकलं? किंवा तुम्ही स्वतः असं शिकला असाल तर कशामुळे सोडून दिलं नाहीत?

प्रा_विद्युत | २२ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

मॅडम, मी पुण्यात अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवतो. लॉकडाऊनमध्ये माझाही असाच अनुभव होता. कॅमेरा सक्तीचा केला तेव्हा फरक पडला. चेहरा दिसतो म्हटल्यावर मूल सरळ बसतं, वही उघडतं. सुरुवातीला कुरकुर होते, दोन आठवड्यांत सवय लागते. सक्ती हा शब्द कोणाला आवडत नाही, पण वर्गात तोंडावर पांघरूण घेऊन बसायला आपण परवानगी देतो का?

बालाघाट | २२ नोव्हेंबर, दुपारी १:३०

सर, तुमचं म्हणणं समजते, आणि एका आठवड्यापुरतं मी ते करूनही पाहिलं. त्या आठवड्यात एक मुलगी यायची बंद झाली. फोन केला तर आधी म्हणाली रेंज नाही. मग थोड्या वेळाने म्हणाली, "मॅडम, कॅमेरा लावला की मागं कोपी दिसते." तिच्या वर्गातल्या मुलींना ती कारखान्यावर गेली आहे हे माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि पाचट, ताडपत्री, चूल असं सगळं रोज रात्री पन्नास जणांच्या फोनवर दिसणं वेगळं. मी त्याच दिवशी सक्ती मागे घेतली.

नंतर वाचलं की अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात मुलं कॅमेरा का लावत नाहीत याची विचारणा झाली होती. तिथेही आपण कसे दिसतो याची काळजी हे मोठं कारण निघालं, आणि मागे घरातलं काय आणि कोण दिसेल हेही होतंच. कुठलं कॉर्नेल आणि कुठला आमचा उसाचा फड, पण लाज तीच.

रानवारा | २२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:०५

ताई, माझं लहानपण कोपीवर गेलं, आता एम.एस.डब्ल्यू. करते. वेळेबद्दलच सांगते. रात्रीचे आठ ही तुम्हाला मोकळी वेळ वाटते, पण फडावर ती सगळ्यात अडचणीची. तेव्हा भाकरी चाललेल्या असतात, पाणी भरायचं असतं, पोरं रडत असतात. आणि गाडी भरायला कधी बोलावतील याचा नेम नसतो. रात्री दहाला ट्रक आला तर दहाला उठायचं, दोनला आला तर दोनला. पहाटे परत तोड.

दुसरं, फोन कोणाचा ते विचारून घ्या. आमच्यात एक फोन होता, तो बापाकडे. मुकादमाचा फोन कधीही येतो म्हणून तो कोणाला द्यायचे नाहीत. मला तो मिळायचा ते सगळे झोपल्यावर. ठरलेल्या वेळी या म्हणालात तर मुलगी येणारच नाही, आणि दोनदा नाही आली की तिसऱ्यांदा तिला तोंड दाखवायला नको वाटेल.

चाकण_दुसरी_शिफ्ट | २२ नोव्हेंबर, रात्री ११:५५

मॅडम, मी डिप्लोमा करून कंपनीत लागलो, आता पदवी करतोय. एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचा, बारा आठवड्यांचा एक कोर्स मी पूर्ण केला. त्याआधी दोन ठिकाणचे ऑनलाइन कोर्स अर्धवट सोडले होते. यात काय वेगळं होतं याचा मी खूप विचार केला आहे.

एक म्हणजे दर आठवड्याला असाइनमेंट आणि तिची ठरलेली मुदत. सोडलेल्या कोर्सांत 'तुमच्या सवडीने शिका' असं होतं. शिफ्टवाल्याला सवड कधीच मिळत नाही. मुदत असली की मी कॅन्टीनमध्ये जेवता जेवता तरी पाच प्रश्न सोडवायचो.

पण खरा जीव वाचला तो दुसऱ्या गोष्टीने. तिथे बारा असाइनमेंटपैकी ज्या आठ चांगल्या झाल्या त्याच धरतात. त्यांना २५ टक्के, परीक्षेला ७५. दिवाळीत माझ्या दोन हुकल्या, एकदा ताप आला. दुसरीकडे असं झालं असतं तर मी म्हटलं असतं, गेलं आता, कशाला परत उघडायचं. इथे अजून जागा शिल्लक होती म्हणून परत आलो.

आणि एक माणूस. माझ्याबरोबर लाइनवर काम करणाऱ्या एकाने तोच कोर्स घेतला होता. बसमध्ये तो विचारायचा, 'चौथा झाला का रे?' तो विचारेल म्हणून मी चौथा करायचो. व्हिडिओ चांगले होते, पण प्राध्यापकांना मी कोण हे कधीच कळणार नव्हतं. त्याला कळत होतं.

समंत्रक | २३ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

ताई, तुमचा प्रश्न वाचून मला माझी जुनी रविवारची सत्रं आठवली. मी बावीस वर्षं मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर समंत्रक होतो. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झालं, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. तेव्हा ऑनलाइन हा शब्दही नव्हता. पुस्तकं घेऊन जायची, घरी वाचायची, संपर्क सत्राला यायचं, स्वाध्याय लिहून द्यायचा. माझ्या वर्गात एसटीचे कंडक्टर, अंगणवाडी सेविका, दहावीनंतर लग्न झालेल्या आणि पंधरा वर्षांनी परत वही घेतलेल्या बायका असायच्या. गळती तेव्हाही होतीच. तुम्ही आज जे विचारता ते आम्ही दर रविवारी एकमेकांना विचारायचो: कोण टिकतं?

माझं उत्तर असं आहे. आपण केलेलं काम कोणीतरी बघतं आणि नाही केलं तर कोणाच्या तरी लक्षात येतं, एवढी खात्री ज्याला असते तो टिकतो. हुशार आणि मठ्ठ याच्याशी त्याचा फार संबंध मला दिसला नाही. एका सेविकाबाईंच्या स्वाध्यायावर मी लाल शाईने लिहिलं होतं, 'हे उदाहरण पुस्तकातलं झालं, तुमच्या अंगणवाडीतलं द्या.' साधा शेरा. पुढच्या सत्राला त्या तीन पानं लिहून घेऊन आल्या, मुलांची वजनं आणि घरोघरची कारणं यांसकट. त्यांची पदवी पूर्ण झाली. त्याच वर्षी आमच्याकडून एका गठ्ठ्याचे स्वाध्याय नुसते गुण घालून, एकही शब्द न लिहिता परत गेले होते. त्या गठ्ठ्यातली बरीच मंडळी पुढच्या सत्राला आली नाहीत. ते मला अजून टोचतं.

मायकेल मूर नावाच्या अभ्यासकाने १९८९ मध्येच दूरशिक्षणातली देवाणघेवाण तीन प्रकारची असते असं मांडलं: शिकणाऱ्याची मजकुराशी, शिक्षकाशी आणि बरोबरच्या शिकणाऱ्यांशी. आपण ऑनलाइन आलो आणि सगळा जोर पहिल्यावर दिला, स्लाइड चांगली, व्हिडिओ चांगला. वरच्या चाकणच्या मित्राला तिसऱ्याने तारलं बघा. दुसरं तुमच्या हातात आहे.

अकरा जण उरले म्हणून मन खट्टू करून घेऊ नका. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या ऑनलाइन कोर्सांत २०१७-१८ साली नाव नोंदवलेल्यांपैकी पूर्ण करणारे शंभरात तीनच्या आसपास होते. तिथे शिक्षक नामांकित, चित्रीकरण उत्तम. आता तुमची एक चूक सांगतो, रागावू नका. एक तास सलग बोलणं. इडीएक्स या ऑनलाइन कोर्सांच्या मंचावरची सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासून २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी मुलं साधारण सहा मिनिटांपलीकडे टिकत नव्हती. आणि तुमच्या विषयातलाच एक प्रयोग आहे. हार्वर्डमधल्या संशोधकांनी सांख्यिकीचं एकवीस मिनिटांचं व्याख्यान चार तुकड्यांत दाखवलं. एका गटाला प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी दिली, बाकीच्यांना शेवटच्या तुकड्यापर्यंत दिली नाही. चाचणी देणाऱ्यांचं मन भटकणं जवळपास निम्म्यावर आलं, त्यांनी नोट्सही बऱ्याच जास्त काढल्या. 'कळलं का?' ही चाचणी नव्हे. त्याला अंगठाच येणार. वहीत काहीतरी करावं लागेल असं विचारा.

माझी सूचना अशी. ठरलेल्या वेळेचा हट्ट सोडा. रानवारा म्हणतात ते सोळा आणे खरं आहे. सहा मिनिटांचा ऑडिओ करा, सोबत वहीच्या पानाचा फोटो. दोन्ही मिळून एक-दोन एमबीत बसतं, रेंज येईल तेव्हा उतरतं. ऑडिओच्या शेवटी एक प्रश्न. उत्तराचा फोटो आला की मगच पुढचा तुकडा पाठवायचा, आणि फोटोवर तुमच्या हाताची एक खूण, एक शब्द तरी.

सगळ्यात महत्त्वाचं, जे गळाले त्यांना परत यायला वाट ठेवा. मूल दोन आठवडे चुकलं की त्याला वाटतं आता मागचं सगळं भरून काढल्याशिवाय तोंड दाखवता येणार नाही. त्याला ग्रुपवर नाही, एकट्याला निरोप पाठवा. 'का आला नाहीस' असं विचारू नका. 'आपण इथे आहोत, इथून धर, मागचं पुढे बघू,' एवढंच लिहा.

बालाघाट | २३ नोव्हेंबर, रात्री ९:२०

सर, रागावले नाही. दोनदा वाचलं. उद्यापासून मीट बंद करते. फोन कोणाचा, कधी मिळतो हे सगळ्या ५४ जणांना एकेकट्याला विचारायला आजच सुरुवात केली. रानवारा, तुमच्यामुळे.

बालाघाट | १६ डिसेंबर, रात्री ११:४५

उशिरा लिहिते आहे, कारण रोज रात्री फोटो तपासण्यात दीड तास जातो. या दीड तासाचे पैसे तासिका तत्त्वावर मिळत नाहीत. हे इथे लिहायलाच हवं, कारण ही रीत चांगली आहे म्हणून ती शिक्षकाच्या झोपेतून चालवावी असं होऊ नये. पण काय घडलं ते सांगते.

फोन विचारला तेव्हाच अर्धं चित्र उलगडलं. ५४ पैकी २२ जणांकडे स्वतःचा फोन नाही. मी हे सप्टेंबरमध्ये विचारायला हवं होतं. गळालेल्यांना सरांनी सांगितला तसा निरोप पाठवला. पहिल्या आठवड्यात २३ जणांच्या वहीचे फोटो आले, दुसऱ्यात ३१, या आठवड्यात ३४. कंपनीतली मुलं रात्री बाराला पाठवतात, फडावरची पहाटे. तीन आठवड्यांतला कुठलाही एक चुकला तरी चालेल असं सांगितलं आहे, ते चाकणच्या दादांकडून घेतलं. मुलांच्या जोड्याही लावल्या, शक्यतो एक गावातला आणि एक बाहेरचा. काही जोड्या चालल्या, काही नाही.

प्रमाण विचलन परत पहिल्यापासून घेतलं. ऑडिओच्या शेवटी म्हटलं, पुस्तकातली आकडेवारी नको, आज तुमच्यासमोर जे असेल ते दहा वेळा मोजा. कॅमेरा न लावणारी ती मुलगी. तिच्या वहीचा फोटो पहाटे पाचला आला. बॅटरीच्या उजेडात काढलेला, पानावर पाचटाची एक काडी तशीच. तिने दहा मोळ्यांतले ऊस मोजले होते: १८, २१, १६, १९, २२, १७, २०, १८, १५, २४. बेरीज १९०, सरासरी १९. शेजारच्या रकान्यात फरक, त्याच्या शेजारी वर्ग, वर्गांची बेरीज ७०. इथपर्यंत एकही चूक नाही. खाली ७० भागिले १०, उत्तर ७. त्यावर काट मारून, नमुन्याच्या सूत्रात एकूण संख्येतून एक वजा करून भागतात तसं, ७० भागिले ९, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

मी फोटोवर बरोबरची खूण केली, प्रश्नचिन्हाला गोल केला आणि लिहिलं, 'हे विचार.' रात्री तिचा आवाज आला, मागे बैलांच्या घुंगरांसकट.

"मॅडम, मोळ्या मी दहा मोजल्या. मग नऊनं का भागायचं? एक मोळी कुठं गेली?"

दिवाळीनंतर या वर्गातून मला आलेला हा पहिला खरा प्रश्न. उत्तर तोंडावर आलं होतं, ते गिळलं. तिला सांगितलं, शेवटची ओळ हाताने झाक आणि वरच्या नऊ फरकांची बेरीज कर. थोड्या वेळाने आलं, उणे पाच. म्हटलं, आता हात न काढता दहावा फरक सांग.

"अधिक पाचच पाहिजे ना. सरासरीपासूनच्या फरकांची बेरीज शून्य होते, तुम्हीच सांगितलं होतं." मग थोडी शांतता, नुसती घुंगरं. "म्हणजे नऊ मोळ्यांनीच सगळं सांगून टाकलं. दहावीला स्वतःचं काही सांगायला उरलंच नाही."

दहा वर्षांपूर्वी मला हे सूत्र पाठ करायला लावलं होतं, आणि मीही गेली चार वर्षं पाठच करून घेत होते.

तिला विचारून हा आवाज ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आणखी सहा जणांनी आपापली शेवटची ओळ झाकून पाहिली होती. एकाने कंपनीतल्या ट्रेमधले सुटे भाग मोजले होते, एकीने गावातल्या डेअरीवर येणाऱ्या दुधाचे लिटर. एकाची बेरीज शून्य येत नव्हती, त्याच्या जोडीदारानेच त्याची सरासरीतली चूक शोधून दिली. मी मध्ये पडले नाही.

परवासाठी विचरण गुणांकाचा, म्हणजे सरासरीच्या तुलनेत आकडे किती विखुरलेत त्याचा, तुकडा तयार आहे. तिला पाठवायला घेतला तर तिचा निरोप आधीच येऊन पडला होता: 'उद्या दोन गाड्या भरायच्यात, फोन दादाकडं राहील. परवा पाठवा.'